शाळेची प्रार्थना वाद्यवृंदासाठी लिहिताना

पुण्यातल्या जुन्या शाळांची वयं आता चांगलीच मोठी झाली आहेत. न्यू इंग्लिश स्कूल १८८० चं, नूतन मराठी विद्यालय १८८३ चं, हुजूरपागा १८८४ ची. त्यांच्यामागून निघालेल्या शाळांचेही अमृतमहोत्सव आणि शताब्द्या दर वर्षी कुठे ना कुठे चालू असतात. अशा समारंभाच्या बैठकीत एक सूचना हमखास येते : ‘आपली प्रार्थना या वेळी मोठ्या वाद्यवृंदात करू या.’ सगळे माना डोलावतात आणि काम येतं संगीताच्या बाईंकडे, किंवा व्हायोलिन, की-बोर्ड वाजवणाऱ्या एखाद्या माजी विद्यार्थ्याकडे. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

परिपाठात रोज म्हटलेलं गाणं हे कुणा एका गायकाचं राहत नाही. ते हजारो गळ्यांनी घासून गुळगुळीत केलेलं असतं. म्हणून या कामात माझी एकच कसोटी आहे. तुमची रचना चालू असताना सभागृहाच्या शेवटच्या रांगेत बसलेल्या, सत्तरीच्या माजी विद्यार्थिनीला न सांगता त्यात गाता आलं पाहिजे. व्हायोलिनांची संख्या, हार्मनीची श्रीमंती, ध्वनिमुद्रणाचा दर्जा हे सगळं त्यानंतर. पुढची प्रत्येक सूचना या कसोटीतून आली आहे.

याच वाटेने पुण्यातला एक मोठा माणूस आपल्याआधी गेलेला आहे. भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, गंधर्व नाटक मंडळी आणि ‘प्रभात’चे संगीतकार, भारत गायन समाजाचे मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर. ‘वंदे मातरम्’ला त्यांनी झिंझोटीत चाल लावली आणि तेच राष्ट्रगीत व्हावं म्हणून वर्षानुवर्षं पदरमोड करून खटपट केली. त्या वेळचा मुख्य आक्षेप राजकीय होता तसा सांगीतिकही होता. २५ ऑगस्ट १९४८ रोजी पंडित नेहरूंनी घटना परिषदेत जे निवेदन केलं, त्यात वाद्यवृंदाचा मुद्दा स्पष्ट आहे : १९४७ साली न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघात ‘जन गण मन’ वाद्यवृंदावर वाजलं आणि ते लोकांना आवडलं, ‘वंदे मातरम्’ची चाल परदेशी वाद्यवृंदांना सहज वाजवता येण्यासारखी नाही. मास्टर कृष्णरावांनी या आक्षेपाशी शब्दांनी वाद घातला नाही. बँडच्या जाणकारांना बरोबर घेऊन त्यांनी चाल पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवली, बँडवर बसवली आणि दिल्लीला जाऊन ती ऐकवली. २४ जानेवारी १९५० रोजी निर्णय ‘जन गण मन’च्या बाजूने जाहीर झाला, ‘वंदे मातरम्’ला बरोबरीचा मान मिळाला. तो इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्याला त्यातून घ्यायचा आहे तो कामाचा क्रम. आधी समूहाला एका दमात गाता येईल अशी, एकाच रागात राहणारी चाल. मग ती चाल न मोडता वाद्यांसाठी लिखाण. आज आपण बहुतेकदा उलटं करतो. की-बोर्डवर कॉर्ड बसवतो, त्यात न बसणारे स्वर गाण्यातून हळूच काढून टाकतो आणि मुलांना नवी चाल शिकवतो.

आधी चाल शोधा

शाळेच्या गाण्याची ‘खरी चाल’ म्हणून एखादी वही दाखवली जाते. ती वही जरूर घ्या, पण तिच्यावर थांबू नका. वेगवेगळ्या दशकांतल्या माजी विद्यार्थ्यांना बोलवा आणि प्रत्येकाचं गाणं स्वतंत्रपणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. सगळ्यांना एकत्र गायला लावलं तर जोरकस आवाजाच्या मागे बाकीचे जातात आणि फरक पुसले जातात. एकेकट्याने गाताना कळतं की अंतऱ्याच्या तिसऱ्या ओळीत जुन्या पिढीचा कोमल निषाद होता आणि पुढे कधीतरी तो शुद्ध झाला. कारण साधं असू शकतं : नव्या शिक्षकांनी पेटीवर तसा वाजवला. कुठला पाठ घ्यायचा हे तुम्ही आणि शाळेने मिळून ठरवायचं. माझा कल जुन्या पाठाकडे असतो. पण आजची मुलं रोज दुसरा पाठ गात असतील, तर त्यांच्या तोंडचा स्वर ओढून काढू नये. जुना स्वर मग वाद्यांच्या भागात, आरंभीच्या संगीतात ठेवता येतो.

एका स्वराने काय होतं याचं जपानमधलं उदाहरण सांगण्यासारखं आहे. ताकी रेन्तारो या तरुण संगीतकाराने १९०१ साली माध्यमिक शाळांच्या गीतसंग्रहासाठी ‘कोजो नो त्सुकी’ हे गाणं लिहिलं. पुढे यामादा कोसाकू यांनी त्याची नवी मांडणी केली. तिच्यात त्यांनी एका जागचा चढा स्वर उतरवला आणि स्वरांची लांबी दुप्पट करून लय संथ केली. बदल एवढाच, पण जपानमधल्या बहुतेकांच्या कानात पुढे हीच चाल बसली. संयोजकाच्या पेन्सिलीत एवढी ताकद असते, म्हणून ती जपून वापरायची.

चाल ठरली की ती दोन्ही पद्धतींनी लिहा : भातखंडे स्वरलिपीत आणि स्टाफ नोटेशनमध्ये. शाळेतले शिक्षक पहिली वाचतील, व्हायोलिन आणि ट्रम्पेटवाले दुसरी. शब्द प्रत्येक स्वराखाली अक्षर फोडून लिहा. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ चुकले की ओळ परकी वाटते. मोठ्या वाद्यवृंदात ते अधिकच उघडं पडतं.

परवानगीचं काम पुढे ढकलू नका

शाळेत म्हटल्या जाणाऱ्या गाण्यांचे तीन प्रकार असतात. एक, जुनी गीतं, ज्यांच्या कवीच्या निधनाला साठ वर्षं उलटून गेली आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कवीचा किंवा संगीतकाराचा हक्क त्याच्या निधनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं टिकतो. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०१० अखेर संपला. पण शब्द मोकळे झाले म्हणजे चाल मोकळी झाली असं होत नाही. चाल लावणारा वेगळा असेल तर त्याचं वर्ष वेगळं मोजायचं. मास्टर कृष्णराव १९७४ साली गेले, म्हणजे त्यांच्या चालींचा हक्क २०३४ च्या अखेरपर्यंत आहे.

दुसरा प्रकार चित्रपटातून शाळेत आलेल्या गाण्यांचा. ‘दो आँखें बारह हाथ’मधलं ‘ऐ मालिक तेरे बंदे हम’ (१९५७), ‘गुड्डी’मधलं ‘हम को मन की शक्ति देना’ (१९७१), ‘छोटा जवान’मधलं गदिमांचं ‘जिंकू किंवा मरू’ (१९६३). ही तिन्ही वसंत देसाई यांच्या चालीतली, हा योगायोग नव्हे. शाळकरी मुलांच्या समूहगानासाठी त्यांनी स्वतः फार कष्ट घेतले होते. समूहाला काय पेलतं हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. देसाई डिसेंबर १९७५ मध्ये गेले, त्यामुळे या चालींचे हक्क अजून चालू आहेत.

तिसरा प्रकार शाळेच्या स्वतःच्या गीताचा : शब्द मराठीच्या सरांचे, चाल संगीताच्या बाईंची. इथे कागदपत्रं नसतात, म्हणून सगळे निर्धास्त असतात. तसं राहू नका. त्या शिक्षकांना, ते हयात नसतील तर कुटुंबीयांना भेटा, दोन ओळींची लेखी संमती घ्या आणि कार्यक्रमपत्रिकेत त्यांचं नाव ठळक छापा. अनेकदा या भेटीतच चालीची जुनी वही हाती लागते.

कायद्यात शाळांसाठी सवलत आहे. शाळेच्या उपक्रमाचा भाग म्हणून, शिक्षक आणि विद्यार्थी यांनी, फक्त शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि शाळेशी संबंधित लोकांसमोर केलेलं सादरीकरण कलम ५२ खाली चालतं. पण तुम्ही बाहेरचे वादक आणलेत, तिकीट लावलंत किंवा चित्रफीत यूट्यूबवर टाकलीत की त्या सवलतीवर विसंबता येत नाही. शिवाय कायद्याच्या भाषेत संगीतकृतीची नवी मांडणी म्हणजे रूपांतर, आणि त्याचा हक्क मूळ हक्कधारकाकडेच असतो. म्हणून हक्क चालू असलेल्या गाण्यासाठी सादरीकरणाचीच नव्हे, मांडणीचीही परवानगी मागा. संगीतकाराचे वारस किंवा संगीत कंपनी यांना पत्र लिहा. सादरीकरणाच्या परवान्यासाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीशी बोला. समारंभाला तीन महिने असतानाच हे सुरू करा.

पट्टी

सगळ्यात जास्त गाणी पट्टीपायी बिघडतात. संयोजक स्वतःच्या गळ्याची किंवा की-बोर्डवर सोपी वाटणारी पट्टी घेतो आणि मुलं वरच्या स्वरांवर ओरडायला लागतात. आधी गाण्याचा पल्ला मोजा. शाळकरी मुलांना मधल्या सप्तकातल्या पांढरी एकपासून वरच्या पांढरी दोनपर्यंतचा टापू आरामात गाता येतो. तुमचं गाणं मध्य षड्जापासून तार ऋषभापर्यंत जात असेल तर सा पांढरी एकवर ठेवा. गाणं खाली मंद्र पंचमापर्यंत उतरत असेल आणि वर मध्य धैवतापाशी थांबत असेल तर सा पांढरी चारवर. आठवी-नववीच्या ज्या मुलांचे आवाज फुटत असतात त्यांना गप्प बसवू नका. त्यांच्यासाठी चार-पाच स्वरांत फिरणारी खालची ओळ लिहा.

पट्टीचा दुसरा हिशेब वाद्यांचा. पुण्यात ट्रम्पेट, क्लॅरिनेट, युफोनियम वाजवणारे चांगले हात मिळतात ते ब्रास बँडमधून. प्रभात बँड, दरबार बँड ही नावं विसर्जन मिरवणुकीमुळे सगळ्यांना माहीत आहेत. या बँडमधले ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट बहुधा बी-फ्लॅटचे असतात. त्यांच्या कागदावर सगळं एक पूर्ण स्वर वर लिहावं लागतं. सा पांढरी दोनवर घेतलात तर त्यांच्या कागदावर चार शार्प येतात, आणि सराव कमी असलेल्या वादकाला ते जड जातं. सा पांढरी चारवर घेतलात तर एकच शार्प येतो. तंतुवाद्यांचं उलट आहे. त्यांना पांढरी दोन, पांढरी पाच फार प्रिय. तडजोड करायची वेळ आली तर मुलांच्या गळ्याच्या बाजूने करा. आपली पट्टी व्हायोलिनवाले सांभाळून घेतील.

तबलावादकाला पट्टी सगळ्यांत आधी कळवा. एकच तबला प्रत्येक सुराला लागत नाही, आणि ऐन कार्यक्रमाच्या दिवशी दुसरा मागवावा लागला तर सगळे खोळंबतात. पेटीही तपासा. बरीच वाद्यं पांढरी सहाला ४४० कंपनं धरून लावतात. जुनी पेटी त्याहून चढी किंवा उतरी असू शकते. पेटी जागच्या जागी जुळवता येत नाही, म्हणून बाकीच्यांनी तिच्याशी जुळवून घ्यायचं, किंवा त्या दिवसापुरती दुसरी पेटी आणायची. शेवटच्या कडव्यात अख्खं गाणं एक स्वर वर चढवण्याची चित्रपटी युक्ती इथे टाळा. तबला, पेटी, बासरी आणि शेवटच्या रांगेतल्या आजी, चौघंही एकदमच बाहेर पडतात.

हार्मनी कुठून आणायची

इथे जरा थांबायला हवं, कारण नवं आणि जुनं यांचं भांडण खरं तर इथेच होतं.

शाळेच्या प्रार्थना बऱ्याचदा भूप, देस, यमन, बिलावल, भैरवी यांच्या अंगाने जातात. भूप घ्या : सा रे ग प ध. मध्यम आणि निषाद नाहीत. पाश्चात्त्य वळणाने कॉर्ड लावायला बसलात की पहिल्या दोन मिनिटांत म-ध-सा आणि प-नि-रे येणारच, म्हणजे गाण्यात नसलेले नेमके तेच दोन स्वर, म आणि नि, खालून वाजू लागतात. गाणारा भूप गातो आणि वाद्यवृंद दुसरंच काही म्हणतो. लोकांना नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही, ‘चर्चसारखं वाटतं’ एवढंच ते म्हणतात.

उपाय गाण्यातच आहे. भूपाचे पाचही स्वर पंचमाच्या अंतराने एका साखळीत ओवता येतात : सा, प, रे, ध, ग. आता व्हायोलिनच्या चार मोकळ्या तारा पाहा. सा पांढरी एकवर असेल तर त्या होतात प, रे, ध, ग. व्हायोला आणि चेलोच्या होतात सा, प, रे, ध. म्हणजे अख्खा भूप त्या वाद्यांच्या मोकळ्या तारांत आधीच आहे. चेलोवर सा आणि प लांब धरून ठेवा, व्हायोलावर रे-ध, वर मुलांचं गाणं. एकही बाहेरचा स्वर न आणता भरदार आवाज मिळतो. सा-ग-प आणि ध-सा-ग हे दोन कॉर्ड याच पाच स्वरांतून बनतात, तेही वापरा. फक्त बेसमध्ये धैवतावर फार वेळ बसू नका. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच. धैवताला प्राधान्य दिलं की भूपाचा चेहरा बदलतो.

देसमध्ये आरोहात शुद्ध निषाद आणि अवरोहात कोमल. कोमल निषाद दिसला की त्याखाली सातव्या स्वराचा कॉर्ड लावून मध्यमावर उडी मारायचा मोह होतो. एकदा केलंत तर गोड लागेल. दर ओळीला केलंत तर देस जाऊन पियानोवरचं सुगम संगीत उरेल. यमनात तीव्र मध्यम आहे. शुद्ध मध्यमाचा कॉर्ड वाजला की यमन संपला. ‘हम को मन की शक्ति देना’ केदाराच्या अंगाचं आहे, त्यात दोन्ही मध्यम येतात. अशा वेळी कॉर्ड कमी करा आणि मध्यमाच्या जागा एकट्या बासरीला किंवा गळ्याला मोकळ्या सोडा.

मला स्वतःला कॉर्डपेक्षा जास्त भरवशाचा वाटणारा मार्ग आणखी एक आहे, आणि त्याचं उत्तम उदाहरण थायलंडमध्ये सापडतं. थाई पारंपरिक वृंदात सगळी वाद्यं मुळात एकच चाल वाजवतात, पण प्रत्येक जण आपापल्या वाद्याच्या बोलीत. खाँग वोंग याय हे घंटांचं गोल वाद्य चालीचा सांगाडा संथपणे वाजवतं. रनात एक हे लाकडी पट्ट्यांचं वाद्य त्याच चालीवर दुप्पट-चौपट गतीने विणकाम करतं. हार्मनी नाही, तरी आवाज दाट. थाई लोकांपुढे तर आपल्याहून मोठी अडचण होती. त्यांच्या सप्तकाचे जवळपास सात सारखे भाग असतात, शेजारच्या दोन स्वरांत सुमारे १७१ सेंट अंतर. पियानोवर लगतच्या दोन पट्ट्यांत १०० असतं. ते स्वर पियानोत मावतच नाहीत. १९३० च्या दशकात फ्रा चेन दुरियांग यांच्यासारख्या, वडिलांकडून जर्मन असलेल्या थाई संगीतकाराने पारंपरिक चाली स्टाफ नोटेशनमध्ये उतरवण्याचं मोठं काम केलं, तेव्हा हा पेच त्यांच्यासमोर होताच. थायलंडमधल्या जुन्या शालेय गीतांना वाद्यवृंदात आणू पाहणाऱ्याला तो आजही सोडवावा लागतो.

आपल्याकडे ही पद्धत परकी नाही. गायकामागून पेटी आणि सारंगी जाते तेव्हा तेच होतं. म्हणून दुसऱ्या व्हायोलिनला कॉर्डचा तुकडा देण्याऐवजी तीच चाल अर्ध्या गतीने द्या. क्लॅरिनेटला ओळ संपल्यावरची भरणी द्या. बासरीला मींड आणि कण असलेला पाठ, ट्रम्पेटला फक्त न्यासाचे स्वर. मींड व्हायोलिन, चेलो, बासरी, ट्रॉम्बोन यांना द्या. पियानो आणि ग्लॉकनश्पीलला देऊ नका, आणि मींडीच्या जागी त्यांना थांबवा.

लय

केरवा चारचारच्या मोजणीत सहज बसतो, दादरा सहा-आठात. अडचण रूपकाची. सात मात्रा, तीन-दोन-दोन. पण रूपकात पहिल्याच मात्रेवर खाली असते. संयोजक सात-चारचं माप लिहितो आणि पहिल्या ठोक्यावर सवयीने बेस ड्रम आणि टिंपनी टाकतो. तालाचं सगळं सौंदर्य त्या भरलेल्या ठोक्याखाली गाडलं जातं. पहिली मात्रा तंतुवाद्यांवर हलकी ठेवा. वजन चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर द्या. वादकांच्या कागदावर बार क्रमांकाबरोबर आवर्तनाचा क्रमांकही छापा. तालमीत तबलजी म्हणतात ‘तिसऱ्या आवर्तनापासून’ आणि क्लॅरिनेटवाला शोधतो ‘बार ४५’. निम्मा वेळ त्यात जातो.

ढोल-ताशाची मागणी पुण्यात होणारच. ज्ञान प्रबोधिनीच्या बरचीपासून कित्येक शाळांच्या पथकांपर्यंत ही लय मुलांच्या अंगात आहे, आणि तिला जागा असावी. पण बंद सभागृहात एक ताशा दहा व्हायोलिनं पुसून टाकतो. ढोल शाळेच्या प्रवेशद्वारावरून किंवा सभागृहाच्या मागून, गाणं सुरू होण्याआधी वाजू द्या. गाण्याच्या आत फक्त समेवर, तेही शेवटच्या कडव्यात.

रचना कशी उभी राहते

प्रार्थना तीन कडव्यांची असते, तीन मिनिटांत संपते. तिला दहा मिनिटांची रचना करायची तर नुसतं आळवून चालत नाही. ब्राह्म्सने हे कसं केलं ते ऐका. ब्रेस्लाउ विद्यापीठाने १८७९ साली त्यांना मानद पदवी दिली, तेव्हा आभार म्हणून त्यांनी ‘अकॅडेमिक फेस्टिव्हल ओव्हर्चर’ लिहिलं. ४ जानेवारी १८८१ रोजी त्यांनीच ते तिथे सादर केलं. त्यात विद्यार्थ्यांची चार गाणी आहेत, तिथल्या श्रोत्यांना तोंडपाठ असलेली. पहिलं गाणं ट्रम्पेटांवर हळुवार डोकावतं, तुकड्यातुकड्याने उलगडतं. ‘गाउदेआमुस इगितुर’ त्यांनी अगदी शेवटपर्यंत राखून ठेवलं आणि मग पूर्ण वाद्यवृंदात आणलं. श्रोत्याला ओळखीचं काहीतरी येतंय हे आधीपासून जाणवत राहतं.

तुमच्या गाण्यातला एक छोटा, ठसठशीत स्वरसमूह निवडा, चार-पाच स्वरांचा. आरंभी तोच वेगवेगळ्या वाद्यांत फिरू द्या. मग पहिलं कडवं एका पेटीवर आणि एका वर्गातल्या मुलांच्या आवाजात, परिपाठात होतं तसं. त्यात काहीही भर घालू नका. दुसऱ्या कडव्यात तंतुवाद्यं येऊ द्या. मधल्या वाद्यभागात तुम्हाला जे नवं म्हणायचं आहे ते मोकळेपणाने म्हणा. तिथे कुणी गात नाही, म्हणून तिथे लय बदला, स्वरसमूह उलटा करा, आधुनिक हार्मनी हवी तर तिथे आणा. तुमची सगळी हौस या जागेत मावली पाहिजे. शेवटच्या कडव्याआधी मूळ लय आणि मूळ पट्टी स्पष्ट ऐकू येईल अशा किमान दोन आवर्तनांची तयारी ठेवा, म्हणजे सभागृहाला कुठे उचलायचं ते कळतं. त्या कडव्यात मूळ चाल व्हायोलिनांतही असू द्या. गाणाऱ्यांना ती आधार देते.

माणसं आणि तालमी

ऐंशी जणांचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा डोळ्यांसमोर आणू नका. देशातला व्यावसायिक सिम्फनी वाद्यवृंद म्हणजे मुंबईच्या एनसीपीएमधला, २००६ साली सुरू झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया. शाळेच्या समारंभाचं ते माप नव्हे. चार-सहा व्हायोलिन, एक व्हायोला, एक-दोन चेलो, बासरी, क्लॅरिनेट, दोन ट्रम्पेट, पेटी, तबला आणि पन्नास-साठ मुलं एवढ्यात उत्तम रचना उभी राहते. ट्रिनिटी आणि एबीआरएसएमच्या परीक्षा देणारी मुलं तुमच्याच शाळेत असतील. आधी त्यांची यादी करा. लष्कर भागात पाश्चात्त्य संगीताची जुनी परंपरा आहे. तिथले शिक्षक आणि पूना म्युझिक सोसायटीसारख्या संस्थेतले गायक-वादक यांच्याशी बोललात तर चेलो, व्हायोलासारखी दुर्मीळ वाद्यं कुणाकडे आहेत ते कळेल. बाहेरून येणाऱ्या व्यावसायिक वादकांना तालमींचंही मानधन ठरवा. तो पैसा वाचवलात की माणूस थेट कार्यक्रमाच्या दिवशी कागद पहिल्यांदा पाहतो.

म्यूझस्कोर हे सॉफ्टवेअर मोफत आहे. त्यात एकदा स्कोअर लिहिला की प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद काढता येतो आणि बी-फ्लॅट वाद्यांचं स्थानांतर आपोआप होतं. मात्र त्यातून ऐकू येणाऱ्या आवाजावर विसंबू नका. त्यात मींड नसते, श्वास नसतो, आणि ट्रम्पेट कधी थकत नाही.

तालमी वेगवेगळ्या सुरू करा : तंतुवाद्यं एकीकडे, फुंकवाद्यं दुसरीकडे, मुलं शाळेत पेटीवर. मुलांनी हात पाहून गाण्याची सवय लवकर लावा, कारण परिपाठात ती पेटीच्या मागे जातात, समोरच्या माणसाकडे पाहत नाहीत. एकत्र तालीम किमान दोनदा करा, त्यातली एक प्रत्यक्ष सभागृहात. बालगंधर्व रंगमंदिर असो की टिळक स्मारक मंदिर, तारखा आणि रंगीत तालमीची वेळ एकदमच आरक्षित करा. मुलांसमोर माइक थोडे आणि उंचावर लावा. व्हायोलिनला प्रत्येकी माइक देण्याची गरज नसते. ध्वनियोजकाला तालमीलाच बोलवा आणि त्याला एकच सूचना द्या : शब्द ऐकू आले पाहिजेत.

कार्यक्रम झाला की स्कोअर, सगळ्या वाद्यांचे कागद, भातखंडे लिपीतली चाल, जुन्या विद्यार्थ्यांची मूळ ध्वनिमुद्रणं आणि परवानगीची पत्रं एका फाइलमध्ये शाळेच्या ग्रंथालयात जमा करा. एक प्रत संगीताच्या बाईंकडे, एक माजी विद्यार्थी संघाकडे. पहिल्या पानावर पट्टी, ताल, लयीचा वेग, कवी आणि चाल लावणाऱ्याचं नाव आणि वर्ष लिहा. कुठले स्वर तुम्ही बदललेत आणि कुठल्या विद्यार्थ्यांच्या तोंडून कुठला पाठ घेतलात, तेही त्याच पानावर नोंदवा.